मातीला दिलं

आत्याला वासाची किळस कधीच नव्हती. घाऊक भाजीबाजारात तिनं बत्तीस वर्षं काट्यावर काढली होती. सडका कोबी, फुटलेले टोमॅटो, भिजून आंबलेले कांदे यांच्याशी तिचं कधी वाकडं आलं नाही. सडलेली वस्तू सडल्यासारखा वास मारते, यात तिला एक प्रकारचा प्रामाणिकपणाच वाटायचा. तिला शिसारी यायची ती वेगळ्याच लोकांची. गोणीत वर चांगला माल आणि खाली गाळ भरून आणणाऱ्यांची. पारड्याला हळूच बोट लावणाऱ्यांची. "अहो बाई, पावशेर इकडंतिकडं चालायचंच," असं दात काढून म्हणणाऱ्यांची. अशा माणसाला ती तिथल्या तिथं, चारचौघांत, काटा मोकळा करून पुन्हा वजन करायला लावायची आणि आकडा अशा आवाजात पुकारायची, की तिसऱ्या गल्लीतल्या लसूणवाल्यानं मान वर करावी. बाजारानं तिचं नाव 'काटेकोर' ठेवलं होतं. ठेवलं ते टिंगल म्हणून, पण पुढं पुढं दोन व्यापाऱ्यांचं भांडण लागलं की तेच म्हणायचे, चला काटेकोरकडं.

लग्न तिचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे असं, की ठरायची वेळ आली तेव्हा थोरल्या भावाची बायको गेली आणि मागं दहा महिन्यांची मुलगी राहिली. दादा बिचारा गवंडीकामावर दिवसदिवस बाहेर. मग आत्याच त्या घरात येऊन राहिली ती कायमची. मुलगी गोरीगोमटी, गालांवर लाल ठिपके घेऊन लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसायची, म्हणून आत्यानं तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. पुढं ठकी शिकली, मोठी झाली, तिचं बोलणं गुळगुळीत झालं, जग तिला मॅडम म्हणायला लागलं. आत्यासाठी ती ठकीच राहिली.

या ठकीनं एक कंपनी काढली होती. धंदा लग्नांचा, पण साध्या लग्नांचा नव्हे. निसर्गाला न दुखावणाऱ्या लग्नांचा. आमंत्रणपत्रिका अशा कागदाची की कुंडीत पुरली तर रोप उगवेल. तोडलेल्या फुलांऐवजी कुंड्या. प्लॅस्टिकच्या फलकांऐवजी कापडी फलक आणि त्यांवर 'पृथ्वीवर प्रेम करा' वगैरे मजकूर, अक्षरं शक्य तितकी वेडीवाकडी, कारण वेडंवाकडं म्हणजे नैसर्गिक. जेवायला उसाच्या चोथ्याची ताटं, मक्यापासून केलेले चमचे आणि पारदर्शक पेले. प्रत्येक ताटावर, चमच्यावर, पेल्यावर एक हिरवं पान छापलेलं. पैसेवाल्या लोकांना हे सगळं फार आवडायचं. खायचं ते दाबून खायचं, टाकायचं तेही भरपूर टाकायचं, आणि वर हात जोडून पृथ्वीची काळजी वाहिल्याचं समाधान. असं दुहेरी सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतं?

बाजारानं आत्याला साठाव्या वर्षी निरोप दिला, त्याच महिन्यात दादा गेला. घरात दोघीच उरल्या. तेव्हा ठकी म्हणाली, "आत्या, तू माझ्याकडं ये. मला काट्यावर बसायला माणूस हवंय. आणि तुझ्याइतकं खरं माणूस मला कुठं मिळणार?"

कल्पना अशी होती. लग्न उरकलं, की पाहुणे जायच्या आधी हॉलच्या पुढच्या दारात एक काटा मांडायचा, चांगला जुन्या पद्धतीचा, मोठ्या तबकडीचा. नवरा-नवरी, त्यांचे आईबाप आणि पाहुणे भोवती उभे राहणार. सगळ्यांदेखत लग्नाच्या कचऱ्याचं वजन होणार, आणि भाजीबाजारातली काटेकोर आत्या तो आकडा बाजारातल्या आवाजात पुकारणार. मग ठकी एक जाड, खरखरीत कागद पुढं करणार. त्यावर 'या विवाहात अमुक इतकाच कचरा झाला' असं लिहिलेलं, खाली आत्याची सही. जोडप्यानं तो चौकटीत घालून घरात लावायचा.

पहिल्या वेळी आत्या लाजली. दुसऱ्या वेळी सरावली. तिसऱ्या वेळेपासून तिला ते आवडायला लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. "दोन किलो शंभर!" ती ओरडायची आणि तीनचारशे माणसं टाळ्या वाजवायची. बाजारात बत्तीस वर्षांत तिच्या आकड्याला कुणी टाळी दिली नव्हती, शिव्या मात्र पुष्कळ दिल्या होत्या. इथं रेशमी कपड्यांतल्या बायका जवळ येऊन तिचा हात हातात घ्यायच्या. शेजारणीला, दूधवाल्याला, जुन्या लसूणवाल्याला ती सांगत सुटली, की चारशे माणसं जेवली आणि कचरा किती, तर दोन किलो.

"चारशे माणसांत दोन किलो?" लसूणवाला म्हणाला. "मग काय ताटंबिटं खाल्ली काय लोकांनी?"

आत्याला राग आला, पण प्रश्न डोक्यात बसला. तिचे हात वजन जाणणारे होते. पोतं उचललं की किलो-अर्ध्या किलोच्या फरकानं सांगायची. चारशे माणसांची ताटं म्हणजे काय, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. अर्धवट चावलेला केक, त्यात विझवलेली सिगारेट. एकच घास खाऊन सोडलेला भात. लहान पोरांच्या ताटांत चार चार गोड वाट्या, चारही उष्ट्या. मोठ्यांचं बघून तिला जास्त मळमळायचं, कारण मोठे लोक ताट टाकताना वर पानाची खूण आली आहे ना, हे बघून टाकायचे.

तिनं ठकीला विचारलं. ठकीनं वही पुढं केली. वहीत तीन रकाने होते. पहिला, 'पुन्हा वापरलं'. दुसरा, 'मातीला दिलं'. तिसरा, 'कचरा'.

"कुंड्या, कापड, हे पुन्हा वापरलं," ठकी म्हणाली. "ताटं आणि अन्न, ते कुजतं, त्याचं खत होतं. ते मातीला दिलं. उरला तो कचरा. वजन त्याचंच करायचं ना?"

"मातीला दिलं म्हणजे काय? कुणाच्या मातीला?" आत्या म्हणाली. तिच्या पिढीत मातीला जाणं म्हणजे मयताला जाणं.

ठकी खळखळून हसली. "आत्या, तू पण ना! कसला सुंदर शब्द आहे तो. लोकांना फार आवडतो."

"पण वजन तिन्हींचं करायला काय हरकत आहे? काटा आहे, मी आहे."

"उगाच गोंधळ होतो लोकांचा," ठकी म्हणाली आणि फोनवर बोलायला लागली.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं आत्याला वाटलं. पण ज्या पोरीला आपण घास भरवले, तिच्या घासात खडा शोधायचा म्हणजे मनाला लागतं. आत्यानं खडा शोधला नाही. दोन वर्षं ती पुढच्या दारात बसून तिसरा रकाना मोजत राहिली आणि सह्या करत राहिली. मागच्या दारानं दर लग्नाला एक टेम्पो भरून जायचा. तो मातीला द्यायला जातो, एवढं तिला माहीत होतं.

आता त्या जागेबद्दल सांगायला हवं, कारण आत्याचा सगळा जीव तिथं होता. दादानं शहराच्या कडेला, खोलगट भागात, एक तुकडा जमीन घेऊन ठेवली होती. जागा लहान, पण माती काळी, भुसभुशीत, मुठीत धरली तर मुठीचा आकार घेणारी. हातपंपाला वीस फुटांवर गोड पाणी. जायच्या आधी दादानं ती दोघींच्या नावावर केली. तिथं दोन खोल्या बांधायच्या, पुढं ठकीची, मागं आत्याची, आणि मधल्या जागेत आत्यानं भाजी लावायची, असं ठरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची भाजी मोजली, आता चार वांगी स्वतःची, न मोजता खायची, एवढीच तिची हौस होती. ती अधूनमधून म्हणायची, चल ना गं, जागेवर जाऊन येऊ. ठकी म्हणायची, रस्ता फार खराब आहे, तुझी कंबर जाईल. मी कुंपण घातलंय, काळजी करू नकोस. आत्यानं वांग्याचं बी तेवढं आणून कपाटात ठेवलं होतं.

एका गुरुवारी लग्न आटोपल्यावर ती मागच्या दाराशी हात धुवायला गेली. टेम्पोवाला काळ्या पिशव्या चढवत होता. चांगला माणूस, तोंडाचा फटकळ, आत्याला मानणारा. पिशवी टाकता टाकता तो म्हणाला, "आत्या, तुमच्या जागेचं कुंपण एका बाजूनं उचकटलंय बरं का. कुत्री शिरतात आत. मॅडमना सांगा, नाहीतर लोक पुन्हा बोंबलतील."

आत्या ओले हात घेऊन उभी राहिली. "माझी जागा? तिथं काय काम तुमचं?"

टेम्पोवाल्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण माती खाल्ली. तो पुटपुटला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." आत्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसली आणि दार ओढून घेतलं.

रस्ता अजिबात खराब नव्हता. चांगला डांबरी होता, जागेच्या दारापर्यंत. दार म्हणजे हिरवा रंग दिलेला पत्रा, त्यावर एक पान. आत्या खाली उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा वासानं दोन पावलं मागं हटली. हा कुजण्याचा वास नव्हता, तो तिला ठाऊक होता. हवा न मिळता कोंडून, प्लॅस्टिकसारख्या कशात तरी गुंडाळून, आपल्याच घाणीत आंबत पडलेल्या अन्नाचा वास होता. गोडसर, चिकट, घशाशी येऊन बसणारा.

जागा खोलगट राहिली नव्हती. ती भरली होती. काळ्या पिशव्यांचा ढीग आत्याच्या डोक्याच्याही वर गेला होता. फाटलेल्या पिशव्यांतून ताटं बाहेर आली होती, दोन वर्षांपूर्वीची, एकमेकांवर गच्च चिकटलेली. मक्याचे चमचे जसे टाकले तसे कडक होते. आत्यानं एक उचलून वाकवला, तर तो कडकन मोडला. पानाची खूण हिरवीगार होती. कुजणारं सगळं कुजून काळं पाणी झालं होतं आणि न कुजणारं पानं मिरवत बसलं होतं. त्या काळ्या पाण्यात अळ्यांची वळवळ चालली होती, पांढरी, दाट, पृष्ठभागच हलतोय असं वाटावं इतकी. मध्येच एक कापडी फलक रुतला होता. 'पृथ्वीवर' एवढंच वाचता येत होतं, पुढच्या अक्षरांवर माश्या होत्या.

हातपंपाचा दांडा तिनं हलवला. आलं ते पाणी चहाच्या रंगाचं होतं.

शेजारच्या जागेतून एक बाई कुंपणापाशी आली. वय आत्याएवढंच. तिनं आधी टेम्पोकडं बघितलं, मग आत्याकडं. "तुमची का ही जागा?" तिनं विचारलं. आत्यानं मान हलवली. ती बाई आत गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. "आमच्या विहिरीचं आहे," ती म्हणाली. "दमून आलाय. प्या."

आत्यानं पेला हातात घेतला. ओठांपर्यंत नेला. वास आला, तोच, गोडसर. तिनं पेला खाली केला. शेजारच्या बाईनं पेला परत घेतला, पाणी आत्याच्या पायापाशी ओतलं आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना टेम्पोवाला दोनदा काही बोलायला गेला. आत्या सगळा वेळ रुमालानं हात पुसत होती.

ठकीच्या कचेरीत भिंतीवर वेली चढवलेल्या होत्या, टेबल जुन्या लाकडाचं होतं आणि सगळीकडं गवतासारखा सुगंध दरवळत होता. आत्याला तो सुगंध सहन होईना. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "जागेवर जाऊन आले."

ठकीनं पेन खाली ठेवलं. घाबरली मात्र नाही. हेच आत्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की पोरगी घाबरली नाही. "मी सांगणारच होते," ती म्हणाली. "बस ना. ऐकून तर घे. ती ताटं कुजतात असं विकणाराच सांगतो. पण त्याला मोठी भट्टी लागते, तेवढी उष्णता साध्या मातीत होत नाही, हे मला मागाहून कळलं. तशी भट्टी आपल्याकडं आहे कुठं? पुढच्या वर्षी काहीतरी व्यवस्था करू."

"मग दोन वर्षं तू मातीला दिलं, मातीला दिलं, असं काय लिहितेस?"

"खोटं काय आहे त्यात? मातीतच तर टाकलंय."

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. "मातीला दिलं नाहीस गं, मातीत घातलंस! दादाची जागा मातीत घातलीस. शेजारच्या बाईची विहीर नासली. मी वांग्याचं बी आणून ठेवलंय."

"अगं, वांगी विकत मिळतात." ठकी खरोखर समजुतीच्या सुरात बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तशी. "आणि एक लक्षात घे, ती जागा खोलगट होती. बांधायच्या आधी भराव टाकायला लागणारच होता. तो आपोआप पडतोय. वर चार फूट चांगली माती टाकली की झालं."

आपण भरावावर राहायचं. त्या अळ्यांच्या, त्या उष्ट्याच्या ढिगावर दोन खोल्या, पुढं ठकीची, मागं आपली. आत्यानं टेबलाची कड धरली.

"आणि आत्या," ठकी हळूच म्हणाली, "सगळ्या कागदांवर सह्या तुझ्या आहेत. बाहेर काही बोललीस तर लोक पहिल्यांदा तुलाच विचारतील. रविवारचं लग्न फार मोठं आहे. वधूपिता गावातले सगळे मोठे सोहळे ठरवतो. त्याला शब्द दिलाय मी, की आमच्या काटेकोर आत्या स्वतः वजन करतील. एवढं एक पार पाडू. मग तू म्हणशील तसं."

आत्या घरी आली. तिनं त्या दोन वर्षांच्या सह्या आठवायचा प्रयत्न केला, पण सह्या आठवेनात, टाळ्याच आठवल्या. पारड्याला बोट लावणाऱ्यांना ती चारचौघांत उघडं पाडायची. इथं तर पारडंच लपवलं होतं, आणि लपवणाऱ्यांच्या पुढच्या दारात आपण बसून ओरडत होतो. तिला स्वतःच्या आवाजाचा वीट आला. बाजारात तिनं जन्म काढला, आणि शेवटी ठकीनं तिच्या तोंडाला पानं पुसली होती, तीही छापील. शनिवारपर्यंत ती ठकीशी एक शब्द बोलली नाही. ठकीला वाटलं, आत्या निवळली.

रविवारी दुपारी सहाशे माणसं जेवली. आत्यानं सकाळीच टेम्पोवाल्याला गाठून सांगितलं होतं, आज मागच्या दारानं काही जाणार नाही. टेम्पोवाला डोकं खाजवत म्हणाला, "माझी नोकरी जाईल की." मग थोड्या वेळानं म्हणाला, "त्या विहिरीवाल्या बाईनं मलाही पाणी दिलं होतं एकदा."

जेवणं उरकली. काटा मांडला गेला. नवरा-नवरी पुढं येऊन उभी राहिली, निवेदकानं माइक हातात घेतला, ठकीनं तो खरखरीत कागद आणि पेन काढून ठेवलं. तेवढ्यात बाजूच्या बोळातून टेम्पोवाल्यानं पहिलं पिंप ढकलत आणलं. त्यामागं दुसरं आलं, मग तिसरं. ठकी एक पाऊल पुढं आली आणि थांबली. सहाशे माणसांसमोर आरडाओरडा करणाऱ्यांतली ती नव्हती.

आत्यानं आधी रिकाम्या पिंपाचा धडा केला, म्हणजे रिकामं पिंप काट्यावर ठेवून तबकडीचा काटा शून्यावर आणला, जसा ती बत्तीस वर्षं आणत आली होती. मग भरलेलं पिंप चढवलं. उष्टा भात, केक, चेपलेली ताटं, सगळ्यावर तूप की मलई की काय ते गोठलेलं. जवळच्या बायका मागं सरकल्या. "बेचाळीस!" आत्यानं पुकारलं. दुसरं पिंप. "एकोणचाळीस पाचशे!" तिचा आवाज हॉलच्या छताला लागत होता. नऊ पिंपं झाली. एका पिंपातून रस गळून तिच्या चपलेत गेला, तिनं बघितलं नाही. शेवटी तिनं बेरीज सांगितली, प्रत्येक शब्द सुटा करून. "तीनशे सत्त्याऐंशी किलो!"

क्षणभर हॉल गप्प झाला. झालं, असं तिला वाटलं. आता कळेल यांना, काय खाल्लं आणि काय टाकलं ते.

निवेदक बिचारा नवा होता. माणसांनी गप्प बसणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यानं माइक तोंडाशी नेला. "तीनशे सत्त्याऐंशी किलो! मंडळी, तीनशे सत्त्याऐंशी! होऊन जाऊ द्या एकदा!"

आणि सहाशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजवरच्या कुठल्याही लग्नापेक्षा जास्त. आकडा मोठा होता ना!

"अहो, वाचवला नाही, हा केलाय!" आत्या ओरडली. "हा तुम्ही केलाय!" पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं तिच्याकडं बघून मान डोलावली, अंगठा वर केला. वधूपिता आला, त्यानं दोन्ही हातांनी तिचा चिकट हात धरला, "तुमच्यासारख्या माणसांमुळंच हे जग चाललंय," असं म्हणाला आणि मग तोच हात हळूच रुमालाला पुसला. नवरीनं काट्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. एक हात आत्याच्या गळ्यात, दुसऱ्या हातानं नाक धरून. सगळे हसले. नवऱ्यानं तो फोटो तिथंच चारशे लोकांना पाठवला.

ठकी हे सगळं बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला होता, तो हळूहळू निवळला, आणि मग त्यावर आत्याला चांगली ओळखीची असलेली, हिशेब जुळल्याची खूण उमटली. तिनं कागदावरचा मजकूर वाचला, पेन उचललं आणि 'इतकाच कचरा झाला' हे शब्द खोडून त्याजागी 'इतका कचरा मातीला दिला' असं वळणदार अक्षरात लिहिलं. आकड्याच्या जागी आधीच दोन किलो लिहून ठेवलेलं होतं. तिथं तिनं तीनशे सत्त्याऐंशी केलं.

आत्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. टेम्पोवाला पिंपं पुन्हा टेम्पोत रिकामी करत होता. ती घाण कुठं जाणार, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जायला दुसरी जागाच नव्हती.

ठकी कागद घेऊन आली. "दिलंस ना मला टेन्शन," ती हसत म्हणाली. "पण बघ, काय बिघडलं? उलट नवरीचा बाप खूश आहे. म्हणाला, पुढच्या सगळ्या सोहळ्यांना असंच वजन ठेवा, मोठं. कर सही, घरी जाऊ." आत्या हलली नाही. ठकीनं कागद भिंतीला टेकवला. "बरं, राहू दे. दमलीयेस तू. मीच करते तुझी सही, मला येते." आणि एका हातानं सही करता करता तिनं दुसरा हात मायेनं आत्याच्या खांद्यावर ठेवला.

हात मऊ होता आणि त्याला तो गवताचा सुगंध होता. या पोरीचं हागणंमुतणं आत्यानं काढलं होतं. गोवर निघाला तेव्हा तिची ओकारी आत्यानं ओंजळीत झेलली होती आणि त्याच हातांनी, धुवायलाही न थांबता, तिचं तोंड पुसलं होतं. तेव्हा एकदाही तिनं नाक मुरडलं नव्हतं. आज त्या स्वच्छ हाताखाली तिच्या अंगावर शहारा आला, घशाशी आंबट आलं, आणि आपल्याला ठकीची किळस येते आहे, हे तिला अगदी स्पष्ट कळलं.

"हात काढ," आत्या म्हणाली.

"काय झालं?"

"हात काढ अंगावरून."

ठकीनं हात काढला. आत्यानं कमरेचा रुमाल ओढून खांदा पुसला. एकदा पुसला, मग थांबून पुन्हा पुसला, आणि ठकी सही केलेला कागद वाळवत तिच्याकडं बघत उभी राहिली.